आकडा नंतर, आधी प्रश्न सांगा

मे महिना लागला की माझ्या फोनवर एकच मागणी वेगवेगळ्या आवाजांत येते. “मॅडम, आयक्यू काढून देता का जी?” रक्तगट काढून घ्यावा, इतक्या सहज. मी उलट विचारते, “कशासाठी हवाय?” समोरचा थोडा बिचकतो. मग एकेक कारण बाहेर येतं. शाळेनं सांगितलं. पोट्टा हुशार आहे, पण मार्क नाही पडून राहिले. दिराच्या मुलाचा एकशे अठ्ठावीस आला. आठवीपासूनच ‘नीट’चं फाउंडेशन लावायचं की नाही ते ठरवायचंय. एका आजोबांना तर एवढंच हवं होतं, की हे सुनेच्या माहेरून आलंय का ते कागदावर मिळावं.

या प्रत्येकाला वेगळी तपासणी लागते. दोघा-तिघांना तर चाचणीची गरजच नसते. नीट बसून बोलणं लागतं. आजोबांना काय लागतं ते मी सांगत नाही.

नागपूरला धरमपेठेत माझं क्लिनिक आहे, एका दातांच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे येणाऱ्या मुलांना पहिली हमी द्यावी लागते ती ही, की वर सुई नाही आणि ड्रिल मशीनही नाही. दुसरी हमी, इथे नापास कोणी होत नाही. ही दुसरी हमी मुलांना पटायला वेळ लागतो. पालकांना त्याहून जास्त लागतो.

बुद्धिमापन सुरू झालं तेच मुळी एका छोट्या, व्यवहारातल्या प्रश्नापासून. शिक्षण सर्वांना सक्तीचं झाल्यावर फ्रान्सच्या सरकारला अडचण पडली, की नेहमीच्या वर्गात जी मुलं मागे पडतात त्यांतली कोणाला वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल हे ओळखायचं कसं? शिक्षकाच्या मर्जीवर सोडलं तर खोडकर पोर ‘मंद’ म्हणून बाहेर जायचं. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली त्यासाठी सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या प्रश्नांची एक मालिका केली. बुद्धी जन्मभर आहे तेवढीच राहते, या समजुतीला खुद्द बिनेचा विरोध होता. पण आकडा एकदा हातात आला की लोक प्रश्न विसरतात. तेव्हाही विसरले.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ म्हणून ती आजही सरकारी दवाखान्यांत वापरतात. आणि नागपूरकर म्हणून मला ज्याचं कौतुक आहे ते नाव म्हणजे डॉ. आर्थर मालिन. डेव्हिड वेक्सलरच्या मुलांसाठीच्या अमेरिकन चाचणीचं भारतीय रूप त्यांनी इथे, नागपुरात काम करत असताना तयार केलं, ते १९६९चं. ‘मिसिक’ म्हणतात तिला. मूल स्वतःच्या हातानं जेवतं का, गुंड्या लावतं का, कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान आणतं का, अशा गोष्टी आईला विचारून त्याची व्यवहारातली समज मोजणाऱ्या व्हिनलँड मापनाचं भारतीय रूपही त्यांचंच. ते ‘नागपूर आवृत्ती’ म्हणूनच ओळखलं जातं. संत्र्यांपलीकडेही आम्ही देशाला काही दिलंय, एवढंच.

या चाचण्या जुन्या झाल्या हेही सांगायला हवं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली तर आजच्याचा आकडा थोडा फुगून येतो. वेक्सलरच्या नव्या भारतीय आवृत्त्या मिळतात, पण संच महाग आणि तालुक्याच्या गावी तो बहुधा नसतोच. म्हणून कोणती चाचणी वापरली आणि ती का, हे रिपोर्टात लिहिलेलं नसेल तर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. सातवीतला एक मुलगा. त्याला ओंकार म्हणू या. तपशील बदललेत आणि दोन-तीन मुलांचं एकत्र केलंय. इंग्रजी माध्यम, घरी मराठी, वडिलांचं इतवारीत किराण्याचं होलसेल दुकान. शाळेची चिठ्ठी होती: लक्ष देत नाही, लिखाण अपूर्ण, आळशी. आईचं म्हणणं होतं, “तोंडी विचारलं तर सगळं सांगते जी हा. पेपरात काहीच नाही लिहून राहिला.”

पहिल्या भेटीला मी मुलाला आणू नका म्हणते. आई-बाबा त्याच्यासमोर “हा पहिल्यापासून असाच आहे” म्हणतात आणि तो फरशीकडे बघत बसतो, त्यातून मला काही मिळत नाही. त्या भेटीत मी गर्भारपणापासून विचारते. जन्माचं वजन, चालायला-बोलायला कधी लागला, फिट, डोक्याला मार, झोप, घरात आणखी कोणाला वाचनाचा त्रास होता का. ओंकारच्या बाबांनी इथे घसा खाकरला. ते स्वतः हिशेब तोंडी करतात आणि पत्रं मुनीमजींकडून लिहून घेतात.

मग वह्या. या वर्षीच्या नकोत, सगळ्या आणा, रद्दीत टाकायला काढलेल्यासुद्धा. ओंकारच्या वह्यांत फळ्यावरचा प्रश्न अर्धा उतरवलेला आणि पुढे पान कोरं. मराठीच्या वहीत जोडाक्षरं फोडून ठेवलेली, अनुस्वार गायब, ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून मी कोणाला डिसलेक्सिया लावत नाही. तसं केलं तर आपल्या वर्तमानपत्रांतली निम्मी माणसं माझ्याकडे यावी लागतील. पण सातवीत ‘प्रवास’चा ‘परवास’ होत असेल तर थांबून बघावं लागतं.

चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. हा टप्पा पालकांना उगाच वाढवलेला वाटतो. कानाच्या पडद्यामागे पाणी साचल्यानं कमी ऐकू येणारी मुलं ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यासह माझ्याकडे येतात आणि त्यांना माझी नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरची गरज असते.

चाचणी मी सकाळी घेते, नाश्ता झाल्यावर, आणि शक्यतो दोन बैठकांत. मालिनच्या संचात अकरा उपचाचण्या आहेत: सहा बोलून उत्तर द्यायच्या, पाच हातानं करायच्या. प्रश्न इथे सांगणार नाही. ते आधी कळले तर चाचणी वाया जाते. यूट्यूबवर बघून मुलाची तयारी करून आणणारे पालक मला भेटलेत. एवढं सांगते की एका भागात लाल-पांढऱ्या ठोकळ्यांतून कार्डावरची नक्षी जुळवायची असते. ओंकारनं पहिली दोन कार्डं बघितली आणि खुर्चीत पुढे सरकला. तिसऱ्याला तो ठोकळे एकेक करून लावेना. आधी नुसताच बघत बसला, मग चार ठोकळे एका दमात ठेवले. तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. मी स्टॉपवॉच थांबवलं तेव्हा वेळ संपायला अजून बराच अवकाश होता. “मॅम, अजून आहेत का?”

मग आकडे ऐकून परत म्हणायचे होते. चारपर्यंत जमलं, पाचाला अडखळला. आणि मग वाचन. मी तिसरीच्या पातळीचा उतारा दिला. त्याचं बोट ओळीवर आलं, खांदे वर चढले, गुणगुणणं बंद. ‘पावसाळ्यात’ असं छापलेलं होतं, त्यानं ‘पाऊस’ म्हटलं आणि पुढे गेला. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजानं मारायचा, ही त्यानं स्वतः शोधलेली युक्ती. सहाव्या ओळीला त्यानं पाणी मागितलं. इंग्रजी उताऱ्यातही तेच. लिहायला दिलं तर तीन वाक्यांनंतर पेन ठेवून मनगट चोळायला लागला, “हात दुखून राहिला.”

रिपोर्टात एक आकडा येतो. सरासरी शंभर धरलेली असते, आणि नव्वद ते एकशे नऊ म्हणजे सर्वसाधारण. ओंकारचा आला एकशे चार. एवढंच ऐकून घरी गेलात तर काय कळलं? काहीच नाही. ठोकळ्यांत तो एकशे पंचवीसच्या वर होता, आकडे लक्षात ठेवण्यात ऐंशीच्या खाली. एकशे चार हा ओंकार कुठेच अस्तित्वात नाही. उपयोगाची गोष्ट आहे ती या दोन टोकांमधल्या दरीत, आणि वाचन त्याच्या बुद्धीच्या मानानं तीन-चार इयत्ता मागे आहे या नोंदीत.

भाषेचाही गुंता असतो. विचार करण्याच्या चाचण्या मी त्या भाषेत घेते ज्या भाषेत मूल भावाशी भांडतं; वाचनाच्या, शाळेत ज्या भाषा शिकवल्या त्या सगळ्यांत. लहान वर्गांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाचा संच २०१५मध्ये आणला; त्यात मराठीही आहे. तोवर आपली मुलं इंग्रजीच्या मोजपट्टीनं मोजली जात होती. देवनागरी वाचणं म्हणजे मात्रा, रफार आणि जोडाक्षरं एकाच वेळी सांभाळणं, आणि ते इंग्रजीच्या चाचणीत दिसत नाही.

रिपोर्ट समजावून सांगायच्या बैठकीला मी सर्वांत जास्त वेळ ठेवते. ओंकारच्या बाबांनी पानं उलटली आणि विचारलं, “म्हणजे मंद नाही ना जी?” हा त्यांचा खरा प्रश्न होता, दोन वर्षांपासूनचा. मंद नाही, आळशीही नाही. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे, तुमच्यातही असावी. आईचा प्रश्न वेगळा. “मग याच्यात कोणती कला आहे?” २००७च्या ‘तारे जमीन पर’नं हा विषय घराघरांत नेला, त्याबद्दल कोणीही त्या चित्रपटाचे आभारच मानेल. पण तेव्हापासून डिसलेक्सिया असलेल्या प्रत्येक मुलात एक चित्रकार दडलेला आहे असं लोक धरून चालतात. नसतो. ओंकार चित्रं वाईट काढतो.

त्याला लागतं ते अक्षर आणि ध्वनी यांची जोडी पुन्हा पहिल्यापासून, पद्धतशीर बसवून घेणारं शिकवणं. आठवड्यातून दोन-तीनदा आणि महिनोन् महिने. नेहमीची ट्यूशन वाढवून ते होत नाही. सोबत शाळेकडून सवलती. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६पासून मिळतात: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, लेखनिक, अवघड गणिताऐवजी सोपं अंकगणित, असं बरंच काही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या अडचणीला देशभर मान्यता दिली. बोर्डाला माझा रिपोर्ट पुरत नाही, ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तिथली रांग लांब असते, म्हणून दहावीच्या दिवाळीत जागे होऊ नका. ‘दिव्यांग’ हा शब्द ऐकून बरेच पालक उठून जातात. त्यांना मी अडवत नाही. बहुतेक जण परत येतात, फक्त एखादं वर्ष गेलेलं असतं.

मधल्या काळात ते कुठे जातात तेही मला माहीत आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात प्रतिभा’ सांगणाऱ्यांकडे. रंगीत, गुळगुळीत, चाळीस पानी रिपोर्ट, पहिल्या पानावर मुलाचा फोटो. बोटांवरच्या रेषांवरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर कळतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. त्यात वाईट काही लिहिलेलं नसतं, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. माझ्या बारा पानी काळ्या-पांढऱ्या रिपोर्टची त्याच्यापुढे काय शोभा? निदान आणि चाचण्या करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तिचा क्रमांक विचारायला संकोच करू नका.

चाचणी झाली की लोकांना वाटतं, आता मूल मॅडमकडे सोडायचं आणि दुरुस्त करून न्यायचं. इथे माझी पालकांशी खरी झटापट सुरू होते. लहान मुलांच्या बाबतीत माझा निम्म्याहून जास्त वेळ मोठ्यांवर जातो.

नऊ वर्षांची एक मुलगी. सोमवारी सकाळी पोट दुखायचं, पुढे रोजच दुखायला लागलं. बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीसुद्धा केली, सगळं ठीक. माझ्याकडे आली तेव्हा घरातली व्यवस्था अशी होती: बाबा स्कूटरवर गेटपर्यंत न्यायचे, ती रडली की परत आणायचे, गेलीच शाळेत, तर आई व्हरांड्यात बसून राहायची, मधल्या सुट्टीत आजी फोन करायची. तिघंही प्रेमानं करत होते आणि तिघांनी मिळून तिची भीती वाढवली होती. भीतीची गंमत अशी की टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं.

हे शंभर वर्षांपूर्वी माहीत झालंय. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत लिहिली. तो आवडीचं खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, मग हळूहळू जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. आम्ही आजही तेच करतो, पायऱ्या करून. आधी गेटपर्यंत, मग मैत्रिणीसोबत वर्गापर्यंत, मग दोन तास, मग अर्धा दिवस.

याला एक नवी जोड मिळालीय. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी चिंतेनं ग्रासलेल्या मुलांच्या फक्त पालकांबरोबर काम करायची पद्धत बसवली. मुलाला थेरपिस्टकडे आणायचंच नाही. २०२०च्या त्यांच्या अभ्यासात तिचा परिणाम मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच दिसला. पालकांनी दोन गोष्टी करायच्या. सोय करून देणं एकेक करत थांबवायचं, आणि एक वाक्य शांतपणे म्हणायचं, ज्यात भीतीची दखलही असते आणि विश्वासही. या घरासाठी आम्ही ते असं बसवलं: “तुला भीती वाटून राहिली, दिसतंय मला. तरी तू निभावशील, हे पक्कं माहीत आहे.” बाबांना ते नाटकातल्यासारखं वाटलं. आरशासमोर सराव करा म्हटलं. आजी म्हणाल्या, “दृष्ट काढली तर चालते का?” खुशाल काढा. मीठ-मोहऱ्या ओवाळायला माझी हरकत नाही, ओवाळून झाल्यावर नात शाळेच्या गाडीत बसली पाहिजे. पहिला आठवडा भयंकर गेला, कारण सोय काढून घेतली की मूल आधी जास्त जोर लावतं. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती पूर्ण दिवस बसायला लागली.

दांडग्या, सतत धावणाऱ्या मुलांच्या घरी वेगळं काम. त्यांच्यासाठी शाळेकडून आणि घरून दोन्हीकडून माहितीचे फॉर्म भरून घेते, कारण एकाच ठिकाणी त्रास असेल तर तो अतिचंचलतेचा आजार नसूही शकतो. तो असलाच तर काहींना मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध लागतं, आणि त्या औषधाला उगाच घाबरू नये असं माझं मत आहे. पालकांना मी आधी हुकूम द्यायला शिकवते. “दप्तर भरायचं का रे?” असं विचारलं की “नाही” हे प्रामाणिक उत्तर असतं. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेला हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जवळ जा, नाव घ्या, एकच गोष्ट सांगा, आणि केली की लगेच दखल घ्या. सोबत रोज पंधरा मिनिटं, ज्यात मूल म्हणेल तो खेळ आणि तुमच्याकडून एकही सूचना नाही. एका आईनं मला सांगितलं, पंधरा मिनिटं सूचना न देणं तिला नवरात्राच्या उपासापेक्षा कठीण गेलं.

किशोरवयीन मुलांचं सगळंच निराळं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूरहून मुलं इथे कोचिंगला येतात, होस्टेलवर राहतात. सतरा वर्षांची मुलगी, सोबत आई-बाबा. सुरुवातीची दहा मिनिटं आम्ही चौघं एकत्र बसतो आणि मी सर्वांसमोर करार सांगते. ती अठराच्या आत आहे, संमती तुमची लागेल. ती इथे जे बोलेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर सांगेन. कोणी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला असं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं मला पोलिसांना कळवावंच लागेल. बाकी कोणाशी मैत्री, कोणता विषय नकोसा, ‘नीट’ सोडायची आहे का, हे तिनं सांगायचं, मी नाही. बरेच बाबा जाताना जिन्यावर हळूच विचारतात, “काय म्हणाली जी ती?” मी म्हणते, तिलाच विचारा, पण आज नको.

मुलगी “जगावंसंच वाटत नाही” म्हणाली, तर पालक विषय बदलतात. विचारलं तर डोक्यात भरेल अशी भीती. थेट विचारल्यानं तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तेव्हा विचारा, ऐका, तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या. रात्र असेल, गाव लांब असेल, तर १४४१६ लावा. २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ‘टेलीमानस’ ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. मूलच बोललं पाहिजे असं काही नाही. आई-बाबांनी लावला तरी चालतो.